एकटा उभा हत्ती

फार जुनी गोष्ट. बुद्धिबळाच्या एका शिसवी पटावर काळ्या-पांढऱ्या मोहऱ्यांची लढाई रंगली होती. पांढऱ्यांचा घोडा राजाजवळ पहाऱ्यावर होता. राजापुढच्या प्याद्याला त्याचाच आधार होता. पण बराच वेळ हलायला न मिळाल्याने त्याचे पाय शिवशिवत होते.

अशात काळ्यांचा हत्ती त्याच्या टप्प्यात येऊन उभा राहिला. त्याला राखणारं आजूबाजूला कोणीच नव्हतं.

घोड्याचे डोळे चमकले. "एवढा मोठा हत्ती, आणि तोही फुकटात!"

"थांब जरा," शेजारचा म्हातारा उंट म्हणाला. "तो इथे का आला असेल, याचा विचार केलास?"

"चुकला असेल, दुसरं काय! उंटदादा, तुम्हाला सगळं तिरकंच दिसतं." घोडा हसला आणि अडीच घरांची उडी घेऊन त्याने हत्तीला पाडलं.

लगेच काळा वजीर सरसर आला. घोडा ज्याला राखत होता तेच प्यादं मारून तो राजाला भिडला. वजिराच्या पाठीशी काळ्यांचा उंट होता, त्यामुळे राजाला वजिराला मारता येईना, आणि निसटायला घरही उरलं नव्हतं. घोड्याने वळून पाहिलं, पण आता तो फार लांब होता. राजा नुसता आडवा झाला.

डाव मोडला. सगळे मोहरे एकाच पेटीत गेले. घोडा नेमका त्या हत्तीशेजारी पडला. त्याने विचारलं, "मी झेपावलो तेव्हा तुला भीती नाही वाटली?"

"त्याआधी वाटत होती," हत्ती म्हणाला. "तू एकदा मागे वळून राजाकडे बघशील, याची."