आमटीचा थेंब आणि ठकू परटीण

राजे हैबतरावांच्या पांढऱ्याशुभ्र अंगरख्यावर आमटीचा थेंब पडला आणि पंगतीतल्या चाळीसच्या चाळीस माणसांनी तो पाहिला नाही. न पाहणंच शहाणपणाचं होतं. आपल्या हातून कधी शीतसुद्धा सांडत नाही, असं राजे स्वतःच सांगत, आणि राजे सांगत ते खरं असे. मागच्या दाराशी धुण्याचं गाठोडं बांधणाऱ्या ठकू परटिणीने मात्र तो थेंब चांगला डोळे उघडे ठेवून पाहिला.

जेवण झालं. राजांनी विड्याच्या पानाला चुना लावला आणि तेच बोट सवयीने पोटावरून फिरवलं. हळदीला चुना लागला की काय होतं, ते घरी कुंकू करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला.

"रक्त!" राजे ओरडले. वैद्य धावत आले. त्यांनी पोट तपासलं, पोट ठणठणीत निघालं. मग राजांनी डोकं चालवलं. आपण काही सांडलं नाही, आपल्याला काही लागलं नाही, म्हणजे डाग कापडातूनच वर आला. म्हणजेच परटाने कापड नीट धुतलं नाही. लगेच ठकूच्या नवऱ्याला, राणूला, बोलावणं गेलं.

"उद्या दिवस मावळायच्या आत हा डाग गेला पाहिजे," राजे म्हणाले. "नाही गेला तर नदीवरचा घाट सोडायचा आणि बायकापोरांसकट संस्थानाबाहेर चालू लागायचं. आणि कापड घरी न्यायचं नाही. बदलून आणशील. डाग जाईपर्यंत अंगरखा आमच्या अंगावरून उतरणार नाही, हा आमचा शब्द. पाण्याचा थेंब लावायचा नाही, आम्हाला सर्दी आहे. तुझा रिठा नको नि पापडखारही नको."

राणू घरी येऊन चुलीपाशी बसला तो उठेचना. तो घाट त्याच्या आज्याने दगड वाहून बांधला होता. ठकूला नवऱ्याची कीव येत होती आणि त्या चाळीस जणांचा संताप.

"डाग काय, उद्या जाईल," ती म्हणाली. "हटून बसलेल्या मानसाचं काय करायचं त्ये बघाया पायजे."

सकाळी ती राणूला घेऊन वाड्यावर हजर झाली. कारभारी बाबाजीपंतांनी विचारलं, "काय काय लागेल?"

"मूठभर डाळीचं पीठ आन् एक लिंबू."

"कांदा नको? तेल तापवायला ठेवू का?" पंत म्हणाले, आणि सगळा दरबार खिदळला.

"तळायचं मागनं बघू, पंत. आधी तुमीच हात लावा. म्या परटीण, सरकारांच्या अंगाला कशी शिवू?"

मग भर दरबारात पंतांनी राजांच्या पोटावर डाळीचं पीठ चोळलं. राजांना गुदगुल्या होत होत्या, पण हसायची चोरी होती. पिठाने आमटीतलं तेल ओढून घेतलं. ते झटकून पंतांनी अर्धं लिंबू डागावर फिरवलं, तसा लाल डाग पुन्हा पिवळा झाला. दरबारात कुजबुज सुरू झाली.

"रंग बदलला. डाग आहे तिथेच आहे," राजे म्हणाले.

"हळद हाय, सरकार. ती उन्हाला भिती. आता अंगरखा उन्हात टाकायचा."

"अंगावरून उतरणार नाही, असा शब्द दिलाय आम्ही."

"व्हय जी. शबूद मोडायचा न्हाई. मग सरकारांनीच उन्हात बसायचं."

चैत्राचं ऊन ते. चौकात चौरंग मांडला आणि राजे पोट पुढे काढून सूर्याकडे तोंड करून बसले. पंतांनी छत्री धरली, ती ठकूने मिटायला लावली. दुपारी राजांनी ताक मागितलं, तेव्हा तिने पंतांना राजांच्या हनुवटीखाली ताट धरून उभं केलं. अंगरखा काढून भिरकावावा असं राजांच्या तीनदा मनात आलं, पण शब्द आड आला. डाग फिकटत गेला, राजे लाल होत गेले. ऊन कलता कलता पंतांनी एका हातात ताट तसंच धरून चाळिशी लावली आणि पोट न्याहाळलं. कापड बगळ्यासारखं पांढरं झालं होतं.

राणूने हात जोडले. पण दिवसभर भाजून निघालेला माणूस इतक्या सहज कसला सोडतोय!

"डाग गेला हे खरं," राजे ठकूला म्हणाले. "पण तो पाडला कुणी ते सांग. आणि खरं सांग. खोटं बोललीस तर घाट गेलाच म्हणून समज."

खरं सांगावं तर राजाचा अपमान आणि खोटं सांगावं तर घाट जातोय. चाळीसच्या चाळीस जण आपापली नखं बघू लागले. राणूने डोळे मिटून घेतले.

ठकूने पदर सावरला. "सांगते की, सरकार. कुनाचा हाय त्ये लगीच सांगते. फकस्त डाग तेवढा बोट लावून दावा."

राजांनी मान खाली घातली. अंगरखा डावीकडे ओढून पाहिला, मग उजवीकडे. बोट पोटावर फिरत राहिलं, टेकायला जागा सापडेना. त्यांनी ठकूकडे पाहिलं आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना. मग चाळीस जणही हसले.

"घाट तुमचा, पिढ्यान्‌पिढ्या," राजे डोळे पुसत म्हणाले. "आणि वर काय हवं ते माग."

"सरकारांसाठीच मागते. जेवताना घालाया एक येगळा अंगरखा शिवून घ्यावा. हळदीच्या रंगाचा."

पंतांच्या हातून ताट निसटलं. राजे मात्र चौरंगावरून पडायच्या बेताला येईपर्यंत हसले. मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी ठकूच्या ओटीत टाकलं.

"पंत, शिंप्याला बोलवा. कापड चांगलं गडद पिवळं आणायला सांगा, आणि आजच शिवून घ्या. उद्याही आमटीच आहे."