वाळ्याचा पडदा

वस्तू एकमेकींशी बोलत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका संग्रहालयात मोराचं जुनं चित्र होतं. दाराचं पितळी कुलूप पन्नास वर्षं त्याला जपत होतं. एके दिवशी चित्रामागे बटणाएवढा सेन्सर बसला.

कुलूप हसलं. "ना वायर, ना कडी! तू रे कसली राखण करणार?"

"मी हवा चाखतो, आजोबा. ओल वाढली की राखणदार म्हादबांच्या मोबाईलला कळवतो."

"ओल काय चोर आहे?"

उन्हाळा आला. मोराला गारवा मिळावा म्हणून म्हादबांनी खिडकीला वाळ्याचा पडदा लावला आणि ते त्यावर पाणी मारत राहिले. खोली घमघमली. कुलूपही सुखावलं. सेन्सरने मात्र लगेच निरोप धाडला.

मोबाईल वाजताच म्हादबा धावत आले. चित्रामागची भिंत दमट लागली. "अरे देवा, मायेनं मीच बुडवत होतो की तुला!" त्यांनी पडदा काढून बाहेर आपल्या खुर्चीमागे लावला. मोराचा रंग वाचला.

कुलूप हळूच म्हणालं, "मी आपला बाहेरच बघत बसलो. बाळा, आता काय चाखतोस?"

"कोरडी हवा, आजोबा. आणि किंचित वाळ्याचा वास."