रावबहादुरांचा राघू

गावात पहिली गिरणी रावबहादूर त्र्यंबकशेठांनी आणली आणि तिच्या पाठोपाठ खोकला आला. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून कापूस पिंजायच्या खात्याच्या खिडक्या बारा महिने बंद. वर्षभरात तिथली पाच माणसं खोकून खोकून गेली. आता गोजराबाईच्या नवऱ्यानंही अंथरूण धरलं होतं.

शेवटी चार बाया घेऊन ती बंगल्यावर गेली. शेठ ओसरीवर बसून पिंजऱ्यातल्या राघूला डाळिंबाचे दाणे भरवत होते.

"शेठ, खात्याच्या खिडक्या उघडा. मानसं मरत्यात."

"कापसाच्या धुळीनं कुणी मरत नाही, बाई. मेले ते विड्या फुंकून मेले. आमचे डॉक्टरही हेच सांगतात."

गोजराबाईनं पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "तसं आसंल, तर ह्यो राघू महिनाभर आमच्या खात्यात टांगा. त्यो काय विडी वढत न्हाई. महिन्यानं धडधाकट निघाला, तर आमी पुन्हा खिडक्यांचं नाव काढनार न्हाई."

शेठांनी पिंजरा झटकन छातीशी धरला. "डोकं फिरलंय का तुझं? तिथं चार दिवस तरी जगेल का तो?"

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"येवढंच तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं," गोजराबाई म्हणाली.

सारा गाव त्यावर महिनाभर हसला. शेठांनीही धडा घेतला. गिरणीचा धूर लागू नये म्हणून त्यांनी राघूचा पिंजरा बंगल्याच्या मागच्या अंगाला हलवला. खात्याच्या खिडक्या बंदच राहिल्या. आणि नवऱ्याचं तेरावं उरकून गोजराबाई तोंडाला पदर बांधून त्याच्याच जागी कामाला उभी राहिली.