कोंबडीने बुजवलेली फट

डोंगरमाथ्यावरच्या एका जंगलात लाकूडतोड्याने सोडून दिलेले खुराडे होते. तिथे एक कोंबडी आपल्या मोठ्या कुटुंबासह राहत असे. तिच्या थोरल्या लेकाच्या डोक्यावर उंच, लालभडक तुरा होता. त्या वर्षी थंडी अशी पडली की सकाळी पाणवठ्यावर बर्फाची साय दिसे. कोंबडीला एकच घोर लागला. सगळ्या अंगाला पिसे आहेत, तुऱ्याला मात्र नाहीत. तो गारठला तर?

मग ती चोचीने गवत आणि चिखल आणून भिंतीची एकेक फट बुजवू लागली. शेवटी छताखालची फटही तिने लिंपली. तिथे बसणारी चिमणी म्हणाली, "मावशी, ही तरी राहू द्या. माझी बसायची जागा आहे."

"तू आपली पिसं फुगवून कुठंही बसशील गं," कोंबडी म्हणाली. "माझ्या लेकाच्या तुऱ्याला कोण पांघरूण घालणार?"

तिचे चुकले असे मला तरी चटकन म्हणवत नाही. माया करणाऱ्याला फट दिसली की तिच्यात बोळा कोंबावासा वाटतोच.

सकाळी कोंबडी पाहते तर लेकाच्या तुऱ्याची टोके पांढरी आणि ताठ झाली होती. ती घाबरली. आणखी एखादी फट राहिली असेल म्हणून ती भिंती चाचपू लागली.

"आई, वारा नव्हता लागत," कोंबडा हळूच म्हणाला. "डोक्यावर सारखं पाणी टपकत होतं. ओला तुरा गारठला."

"पाऊस नाही, मग पाणी कुठलं?"

चिमणी दारातून डोकावली. "तुमच्या सगळ्यांच्या श्वासाचं, मावशी. वर जायची वाट तुम्हीच लिंपलीत. छताला लागून त्याचे थेंब झाले. अशी आणखी एक रात्र गेली, तर तुरा उरायचा नाही."

इतक्या थंडीत आपल्याच चोचीने भिंत उघडायची, हे काही कोंबडीच्या मनाला पटेना. तरी संध्याकाळी तिने छताखालचा चिखल टोकरून काढला. खालच्या फटी मात्र बुजलेल्याच ठेवल्या. ओले गवत बाहेर टाकून कोरडे अंथरले आणि लेकाला रुंद फळीवर बसवले, म्हणजे त्याच्या पायांची बोटे पोटाच्या पिसांत झाकली जातील.

दुसऱ्या सकाळी छत कोरडे होते. तुऱ्याची टोके काही दिवसांनी गळून गेली. बाकीचा तुरा लालच राहिला.

"आई, आखूड झाला गं," कोंबडा म्हणाला.

"असू दे," कोंबडी म्हणाली. "माझी काळजीही तेवढीच आखूड झाली."

"झाली का खरंच?" छताखालच्या फटीतून चिमणीने विचारले. कोंबडीने ऐकलेच नाही. फळी पुरेशी रुंद आहे ना, हे ती पुन्हा बघत होती.

तात्पर्य : ज्याला जपायचे, त्याच्यासाठी वारा जरूर अडवावा, पण त्याच्या श्वासाला वाट ठेवावी.