सभेच्या तबकातली सुपारी

फार पूर्वी एका राज्यात, टेकडीच्या माथ्यावर एक शोधशाळा होती. शाळा म्हटलं की पाटी, बाराखडी आणि छडी, असं समजू नका हं. इथे यायचं ते सगळं शिकून झाल्यावर. जे अजून कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही ते शोधून काढायचं, हाच इथला अभ्यास.

आधी या टेकडीवर प्रत्येक विद्येचं वेगळं घर होतं, आणि भांडणं तर विचारूच नका. ज्योतिष्यांना तारे बघायला काळोख हवा, तर शेजारच्या वैद्यांना काढे उकळायला चूल पेटती हवी. गाणाऱ्यांना शांतता हवी, तर शिल्पकारांची छिन्नी दिवसभर टकटक करायची. शेवटी मोठ्या आचार्यांनी मधल्या भिंती पाडल्या आणि सगळ्यांना एका छताखाली आणलं. प्रत्येक शिष्याला दोन गुरू, तेही दोन वेगळ्या विद्यांचे. कारभार पाहायला सगळ्या गुरूंची एक सभा, गोल बसणारी, म्हणजे कुणी वर नाही की खाली नाही. सभापतीपद दर वर्षी दुसऱ्या विद्येकडे जायचं. मोठे आचार्य फक्त नियम सांभाळायचे.

सगळं छान होतं हो. पण सभेत जो तो आपल्याच विद्येचं घोडं पुढे दामटायचा. म्हणून आचार्यांनी आणखी एक नियम केला. सभेच्या मधोमध सुपाऱ्यांचं तबक ठेवलं. ज्याच्या विद्येचा विषय निघेल, त्याने अख्खी सुपारी गालात धरायची आणि ठराव पार पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. विषय मांडणाऱ्यालाही तेच. एकदा काय ते सांगायचं आणि सुपारी उचलायची. या नियमाचं राज्यभर कौतुक झालं. काय पण निःपक्षपाती सभा, म्हणून लांबलांबचे लोक बघायला यायचे!

या शाळेत केतकी नावाची एक शिष्या होती. तिचे एक गुरू शिल्पगुरुजी आणि दुसऱ्या गानगुरू बाई. दगड आणि सूर यांचा काय संबंध, असं सुरुवातीला सगळे हसायचे. पण केतकी दगडावर लाकडी हातोडी हलकेच वाजवायची आणि आतून तो धड आहे की चिरलेला, ते आवाजावरून ओळखायची. धड दगड खणखणीत बोलतो, चिरलेला बद्द वाजतो. हाच तिचा शोध, आणि त्यासाठी तिने घरदार सोडून इतकी वर्षं काढली होती.

शाळेच्या वार्षिक सोहळ्याचा दिवस उजाडला. गावातले लोक, शिष्यांचे आईवडील, गाणं म्हणणारी पोरं, सगळे मोठ्या दगडी मंडपात बसणार होते. रोजच्या सवयीने केतकीने सकाळी मंडपाचे खांब वाजवले. उत्तरेकडच्या कोपऱ्यातला खांब बद्द वाजला. तिने पुन्हा वाजवला. पुन्हा बद्द!

ती धावत शिल्पगुरुजींकडे गेली. त्यांनी येऊन खांबाला कान लावला, वाजवून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "खांबाच्या पायात पाणी मुरलंय," ते पुटपुटले. "चल, सभा बोलवायला सांग."

सभा बसली. त्या वर्षी सभापती होते ज्योतिषगुरू.

"उत्तरेकडचा खांब बद्द वाजतोय, म्हणजे आतून चिरलाय," केतकी म्हणाली. "कालपर्यंत धड होता. आज मंडपात कुणालाही बसवू नका. सोहळा अंगणात करू या."

"झालं सांगून?" सभापतींनी विचारलं आणि तबक पुढे सरकवलं.

केतकीने सुपारी गालात धरली. विषय खांबाचा, म्हणून शिल्पगुरुजींनी धरली. विषय आवाजाचाही, म्हणून बाईंनी धरली. आणि मग काय सांगू तुम्हांला! ज्या तिघांना त्या खांबातलं काही कळत होतं, ते तिघं गाल फुगवून बसले आणि बाकीचे बोलायला लागले.

"काल मी त्याच खांबाला टेकून तासभर बसलो होतो," वैद्यगुरू म्हणाले. "मला तर काही झालं नाही."

"माझ्या बांधावरचे दगड आजोबांच्या वेळचे आहेत," कृषिगुरू म्हणाले. "दगडाला काय धाड भरलीय?"

"तो आजवर पडला नाही, म्हणजे तो न पडणारा खांब आहे," तर्कगुरूंनी निकाल दिला.

"शिवाय मुहूर्त उत्तम आहे," सभापती म्हणाले.

केतकीचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. तिने शिल्पगुरुजींकडे पाहिलं. आत्ता बोलतील, आत्ता सुपारी काढून फेकतील! गुरुजी जमिनीकडे बघत होते. सुपारी तेवढी या गालातून त्या गालात गेली. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तोंड बंद ते बंदच. बाकीच्यांचे हात वर झाले. सोहळा मंडपातच होणार!

"ठराव पार पडेल तो सोहळा संपल्यावर, तोवर सुपारी तोंडातच राहील," सभापतींनी बजावलं. "जो काढेल त्याला ही टेकडी कायमची बंद. मग तो कुणी का असेना."

हळूहळू लोक जमले. मंडप गच्च भरला. गाणं म्हणणारी पोरं नेमकी त्या खांबापाशी बसवली होती, नटूनथटून, एकमेकांना चिमटे काढत. केतकी दाराशी उभी होती. सुपारी काढली तर सगळे शोध, सगळी वर्षं पाण्यात. नाही काढली तर? कुणीतरी मोठं माणूस बोलेल, अजून बोलेल, असं ती मनाशी घोकत राहिली.

तेवढ्यात शिल्पगुरुजी पोरांच्या रांगेकडे आले. केतकीला हायसं वाटलं. पण गुरुजींनी काय करावं? त्यांनी गुपचूप आपल्या छोट्या नातीचा हात धरला, तिला रांगेतून उठवलं आणि बाहेर चिंचेच्या झाडाखाली नेऊन बसवलं. तिच्या हातात एक लाडू दिला. मग परत येऊन ते दाराच्या पायरीवर उभे राहिले. बाकीची पोरं होती तिथेच होती.

अहो, केतकीच्या अंगावर सर्रकन काटा आला! माणूस असं करू शकतो? आपले गुरुजी? तिला रडू आलं, संताप आला, आणि कधी तोंड उघडलं तेच तिला कळलं नाही. सुपारी फरशीवर पडून गडगडत गेली.

"उत्तरेकडचा खांब चिरलाय! शिल्पगुरुजींची नात बाहेर चिंचेखाली का बसलीय?" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "विचारा त्यांना! आपली तेवढी बाहेर का नेली, विचारा!"

सगळ्या माना वळल्या. चिंचेखाली पोरगी लाडू खात होती. पायरीवर गुरुजी उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

त्याच क्षणी गानगुरू बाईंनी सुपारी थुंकली. "पोरगी खरं सांगतेय! उठा! आधी पोरांना उचला!"

मग काय विचारता! आयांनी पोरं काखोटीला मारली, म्हाताऱ्यांना खांद्यांवर घेतलं, सगळे दाराकडे धावले. "ठराव झालाय! खाली बसा!" असं सभापती ओरडत होते. पण कुणी बसेना, तेव्हा तेही उपरणं सावरत पळत सुटले. सगळ्यांत शेवटी मोठे आचार्य बाहेर आले. ते अंगणात पोचले आणि मागे आधी चुरचुर आवाज झाला. मग खांब बसला आणि त्याच्यामागून अख्खं छत खाली आलं.

धुरळा खाली बसला. जिथे पोरं बसली होती तिथे दगडांचा ढीग होता. कुणाची तरी चिमुकली पैंजणं कडेला पडली होती. ती बघून आयांनी पोरांना पुन्हा चाचपून पाहिलं.

मोठे आचार्य शिल्पगुरुजींजवळ गेले. गुरुजींच्या तोंडात सुपारी अजून तशीच होती. आचार्यांनी हात पुढे केला. "काढा ती."

गुरुजींनी सुपारी काढली. "नियम होता, आचार्य," ते कसेबसे म्हणाले.

"नियम नातीला लागू नव्हता का?"

गुरुजी मटकन खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडू लागले. आचार्य लोकांकडे वळले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि नियम माझाच होता. आपल्या विषयावर मत देऊ नका, एवढंच मला म्हणायचं होतं. मी तुमची तोंडंच बंद केली. माझं चुकलं."

त्या दिवसापासून सभेची रीत बदलली. ज्याचा विषय, त्याने सगळ्यांत आधी बोलायचं. बाकीच्यांनी त्याला हवे तेवढे प्रश्न विचारायचे. मग हात वर करायची वेळ आली की त्याने हात खाली ठेवायचा. सोहळ्यासाठी मंडपात मांडलेलं सुपाऱ्यांचं तबक ढिगाऱ्याखालीच राहिलं, ते कुणी शोधलं नाही.

"मला आता टेकडी बंद ना?" केतकीने सभापतींना विचारलं.

"लाजवू नकोस गं बाई," सभापती म्हणाले. "तू नसतीस तर आज कोण उरलं असतं?"

नवा मंडप शिल्पगुरुजींनीच बांधला. उत्तरेकडचा खांब उभा राहिला तेव्हा त्यांनी केतकीला हाक मारली आणि हातोडी तिच्या हातात दिली. तिने वाजवलं. खांब खणखणीत बोलला. मग गुरुजींनी आपल्या नातीला आणलं आणि सगळ्या पोरांच्या मध्ये, त्याच खांबाशी बसवलं.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: ज्याला कळतं त्याचं मत हवं तर मोजू नका, पण त्याचं म्हणणं आधी ऐका. आणि ज्याला कळतं त्याने आपल्या लेकरापुरतं शहाणं होऊ नये. तोंडात काहीही असो, ते थुंकून सगळ्यांसाठी बोलावं.