आत्यासाहेबांचा पासवर्ड

उंबरगडच्या कोठाराचा पासवर्ड तिसऱ्यांदा फुटला! कोठाराचं दार उघडायचं कुठल्याही मोबाइलवरून पासवर्ड टाकून, पासवर्ड फक्त महाराजांच्या म्हाताऱ्या आत्यासाहेबांकडे, आणि तुपाचे बुधले मात्र भलतेच लोक घेऊन गेलेले.

वज्रसेन महाराजांनी आत्यासाहेबांची मोलकरीण येसू हिला बोलावलं. कडेवरच्या तान्ह्या पोरीसकट ती येऊन उभी राहिली.

"पहिला पासवर्ड काय होता?"

"आपलं नाव, महाराज. साऱ्या गावाला पाठ आहे."

"दुसरा?"

"पोपटाचं नाव. तो दिवसभर तेच ओरडतो."

"तिसरा तर प्रधानांनी चांगला अवघड करून दिला होता!"

"हो ना. म्हणून विसरू नये यासाठी आत्यासाहेबांनी तो दारात रांगोळीने काढला. रंगसुद्धा भरले."

महाराजांनी मिशी चावली. "मग आता असा पासवर्ड हवा, जो कुणाला ओळखता येणार नाही, आत्यासाहेब विसरणार नाहीत, कुठे लिहिणार नाहीत आणि कुणी कितीही गोड बोललं तरी सांगणार नाहीत. उद्या संध्याकाळपर्यंत! नाहीतर पोरीला घेऊन राज्याबाहेर हो!"

येसू पोरीला सावरत निघाली. एवढ्याशा जिवाला घेऊन जायचं कुठे? ती परतली तेव्हा आत्यासाहेब गोडा मसाला भाजत होत्या.

"येसू, बाहेर थांब गं! शेवटचा जिन्नस घालायचाय." नेहमीप्रमाणे त्यांनी आतून कडी लावली. तो जिन्नस कोणता, हे महाराजांच्या आईसाहेब लग्न होऊन आल्यापासून विचारत होत्या.

कडीचा आवाज ऐकला आणि येसूने पोरीचा मुकाच घेतला.

"आत्यासाहेब, मला काही सांगू नका. तो जिन्नस, किती चिमट्या, कशात परतायचा, सगळं सलग मोबाइलमध्ये भरा. हाच पासवर्ड! आणि भरताना दार लावून घ्या."

"ते काय सांगायला हवं?" आत्यासाहेब म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी आवाज बदलून फोन केला. "कोठार कचेरीतून बोलतोय, आजी. पासवर्ड सांगा, नाहीतर खातं आजच बंद!"

"होऊ दे बंद!" फोन कट.

मग महाराज दरबार घेऊनच आले. "आत्यासाहेब, राजाज्ञा आहे. पासवर्ड सांगा."

"तुझी आई विचारता विचारता म्हातारी झाली. तिला नाही सांगितलं, तू कोण लागून गेलास?"

सगळा दरबार जमिनीकडे बघू लागला. महाराजांनी घसा खाकरला.

"येसू, मानलं तुला. पण यांचं वय झालंय. एखाद्या दिवशी विसरल्या, तर मला कळणार कसं?"

"आमटीवरून, महाराज!"

महाराज इतके हसले की पगडी कानावर आली. येसूच्या पोरीला दुधासाठी त्यांनी एक गाय दिली, वासरासकट. आत्यासाहेबांनी डबाभर मसाला दिला. त्यात काय काय आहे, हे विचारायची चूक येसूने केली नाही.