पोथीतल्या मुलीला काय वाटलं?

पुस्तकं हातानं लिहिली जात आणि दहा गावांत मिळून एखादंच पुस्तक असे, त्या फार जुन्या काळची ही हकीकत आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. तिथे एक बाई राहत असे. तिला लिहिता-वाचता येई, म्हणून सगळे तिला पोथीवाली आत्या म्हणत. या आत्यानं तीन वर्षं बसून एक पोथी लिहिली. तिच्यात देव नव्हते, राजे नव्हते, लढाया नव्हत्या. आज आपण जिला कादंबरी म्हणतो, तसली ती लांबलचक गोष्ट होती. एका नवरा-बायकोची, आणि त्यांनी आपली म्हणून वाढवलेल्या दुसऱ्याच्या मुलीची.

गोष्टीतल्या त्या दोघांचं एकमेकांवर फार प्रेम असतं. मूल मात्र नसतं. एके दिवशी संकटात सापडलेली एक बाई आपली तान्ही मुलगी त्यांच्या ओटीत घालते आणि डोळे पुसत निघून जाते. नवरा आधी त्या मुलीला हातही लावत नाही. मग हळूहळू त्याचा जीव तिच्यात गुंततो. मुलगी मोठी होते, तिचं लग्न ठरतं. लग्नाच्या दिवशी तिची जन्मदाती मांडवाबाहेर दूर उभी असते. वाढवणारी आई तिला पाहते, हाताला धरून आत आणते, आणि दोघी मिळून मुलीवर अक्षता टाकतात. इथे पोथी संपते.

सुगी उरकली होती. लोकांना दुपारी वेळ होता. धर्मशाळेच्या ओसरीवर आठ दुपारी ही पोथी वाचायचं ठरलं.

त्याच गावात हैबती नावाचा माणूस पानमळा करी. त्याच्या मळ्यातली विड्याची पानं कोवळी आणि रुंद असत. त्याची बायको भागू. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण घरात पाळणा हलला नव्हता.

आदल्या पावसाळ्यात नदीला पूर आला आणि पलीकडची वस्ती वाहून गेली. त्यातून सहा वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. तिचं नाव साळू. गावानं तिला धर्मशाळेत ठेवलं आणि तिच्या जेवणाचे वार लावून दिले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं सात दिवस सात घरी ती जेवे. मंगळवार भागूकडे होता. भागू मंगळवारची वाट बघत बसे.

पाटील म्हणाले, "असं किती दिवस चालणार? पौर्णिमेला व्यापाऱ्यांचा तांडा राजधानीकडे निघेल. तोवर कुणी पोर घरी नेली तर ठीक. नाहीतर तांड्याबरोबर राजाच्या अन्नछत्रात धाडून देऊ. तिथे पोटाला तरी मिळेल."

त्या दिवशी भागू नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपण आणू या तिला."

हैबती मनानं वाईट नव्हता. पण तो फार भित्रा होता. बैल घ्यायचा तरी तो चार जणांना विचारी, आणि पाचव्यानं नाक मुरडलं की घेत नसे. तो म्हणाला, "आणू गं. पण लोक काय म्हणतील? उद्या तिला आपली माया वाटली नाही तर? आपल्यालाच तिची वाटली नाही तर?" मग त्याला एकदम सुचलं. "आत्याची पोथी नेमकी याच गोष्टीवर आहे म्हणे. मी रोज जाऊन बसतो. ऐकून लोक काय म्हणतात ते बघतो. गावाचं मत पडेल तसं करू."

भागूनं चुलीत लाकूड सारलं.

हैबती रोज ओसरीवर जाऊन बसू लागला. आत्या वाची, आणि वाचन थांबलं की लोक बोलू लागत. एकाचं मत दुसऱ्याला पटेल तर शपथ.

म्हातारा विणकर म्हणे, "गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. परकं ते परकंच. रक्त एक दिवस ओढ घेतंच."

सुताराच्या बायकोला पाच मुलं होती. ती जन्मदात्या आईवर भयंकर चिडली. "पोटचा गोळा देऊन टाकते ती कसली आई? आणि उद्या ती परत आली, तर तिलाच मानानं घरात घेतील! मी असते तर दारातूनच परत पाठवली असती."

पाटलांची नवी सून लाजत म्हणाली, "मला तर त्या दोघांचं एकमेकांवरचं प्रेमच आवडलं. मूल नसतं आलं तरी मी ही पोथी रडत रडत ऐकली असती."

वैद्यबुवा हसले. "असा समजूतदार नवरा मी तरी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. आत्यानं तो घरी बसून घडवलाय."

एक दिवस हैबती होकार घेऊन घरी येई, दुसऱ्या दिवशी नकार. मंगळवारी साळू जेवायला आली तेव्हा तो तिच्याकडे चोरून बघत राहिला. ती गेल्यावर भागू म्हणाली, "तुमच्या पंचांचा निकाल लागायच्या आत तांडा निघून जाईल."

आठव्या दुपारी पोथी संपली. ओसरीवर इतका वाद झाला की दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. पौर्णिमा दुसऱ्या दिवसावर आली होती. हैबती तसाच उठला आणि आत्याच्या मागोमाग तिच्या घरी गेला.

"आत्या, पोथी तू लिहिलीस. आता तूच सांग, यातलं कुणाचं मत खरं? मला उद्याच्या आत ठरवायचंय."

आत्यानं पोथी फडक्यात गुंडाळली. "हैबती, मीही आठ दिवस त्यांचंच ऐकतेय. विणकरदादांचा मुलगा नऊ वर्षांपूर्वी भांडून गेला, तो परतला नाही. ते रक्ताची ओढ म्हणतात तेव्हा त्यांचे डोळे रस्त्याकडे असतात. सुतारीणबाईंना त्यांच्या आईनं लहानपणी मामाकडे टाकलं होतं, ते तुला ठाऊक नसेल. वैद्यबुवांचं घरी पटत नाही, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. जो तो माझी पोथी ऐकतो आणि बोलतो मात्र आपल्या दुखण्याविषयी. त्यात खोटं कुणीच नाही. पण तुझ्या घराविषयी त्यातलं कुणी बोललेलंच नाही."

"मग मी ऐकू कुणाचं?"

आत्या म्हणाली, "परवा धाकू नावाडी आला होता. त्याला त्याच्या बापानं लहानपणी कुठूनसा आणला, हे तुला माहीतच आहे. तो म्हणाला, आत्या, पोथी झकास आहे. पण आई बोलते, बाप बोलतो, शेजारीपाजारी बोलतात. ती पोरगी काहीच बोलत नाही. तिला काय वाटलं ते कुणी विचारतच नाही."

"एवढंच म्हणाला?"

"पुढेही म्हणाला. त्याला आणलं तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्यानं आपलं गाठोडं दोन वर्षं दाराशी बांधून ठेवलं होतं. बाप प्रेमळ होता, रोज पोटभर जेवू घालायचा. पण हे घर किती दिवसांचं, ते बापानं सांगितलं नाही आणि यानं विचारलं नाही. बापाला वाटायचं, त्यात सांगायचं काय? आणि हा रोज सकाळी उठून गाठोडं आहे ना, ते बघायचा." आत्यानं मान खाली घातली. "तीन वर्षं लिहीत होते रे मी. मलाही सुचलं नाही."

हैबती उठून उभा राहिला. त्याला एकाएकी आठवलं. आठही दुपारी ओसरीच्या कडेच्या खांबाला टेकून साळू बसलेली असे. धर्मशाळा हेच तर तिचं घर होतं. तिनं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळी पोथी ऐकली होती. सगळ्या गावानं मत दिलं होतं, आणि तिला एकानंही विचारलं नव्हतं. त्यानंही नाही.

तो धर्मशाळेत परत आला. साळू ओसरीवर एकटीच सागरगोटे खेळत होती. हैबती तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"पोथी ऐकलीस ना?"

तिनं मान हलवली.

"कशी वाटली तुला?"

साळूनं सागरगोटे मुठीत धरले आणि बराच विचार केला. हा प्रश्न तिला नवा होता. "शेवट नाही आवडला," ती म्हणाली. "तिची आई आली लग्नाला. माझी नाही येणार. ती पाण्यात गेली."

हैबती थोडा पुढे सरकून बसला. मग तीच पुढे म्हणाली, "पण ती रोज एकाच घरी जेवायची, ते आवडलं. सोमवारच्या घरी आमटी फार तिखट असते. मी पाणी पिऊन खाते. मंगळवारी काकू विचारतात, अजून हवं का. बाकीच्या घरी वाढतात, विचारत नाहीत."

"मग आमच्याकडे रोज येशील? राहायलाच?"

साळू लगेच हो म्हणाली नाही. तिनं एकेक सागरगोटा जमिनीवर मांडला. "काकूंना आई म्हणावं लागेल?"

"तुला म्हणावंसं वाटतं?"

"नाही. मला आई आहे. ती गेली, पण आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच हैबतीनं कुणाला न विचारता उत्तर दिलं. "मग काकूच म्हण. आणि आईविषयी कधी बोलावंसं वाटलं तर बोल. आम्ही ऐकू."

"आणि मी आवडले नाही तर? परत पाठवाल?"

"नाही पाठवणार."

"कशावरून?"

हैबती म्हणाला, "चल माझ्याबरोबर," आणि त्यानं हात पुढे केला. तिनं सागरगोटे ओच्यात टाकले आणि त्याचं एक बोट धरलं.

चावडीवर पाटील बसले होते. पोथीवरचा वाद अजून तिथे चालूच होता. हैबती सगळ्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज स्पष्ट होता.

"पाटील, तांड्याला सांगा, साळू येणार नाही. ती आजपासून आमच्या घरची. मी तिला परत पाठवणार नाही, हे सगळ्यांसमोर सांगतोय. माझ्याकडून उद्या शब्द मोडला, तर तुमच्यातल्या कुणीही मला जाब विचारावा."

म्हातारा विणकर मान हलवत म्हणाला, "पुढे पस्तावशील, हैबती."

"पस्तावलो तर तुमच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडेन, दादा. आज मात्र मी तिला घेऊन जातो."

भागू मळ्यात पानं खुडत होती. बांधावर दोघं दिसली, तशी तिच्या हातातली टोपली सुटली. ती धावत आली, पण साळूला कवटाळण्याआधी थांबली. खाली बसून तिनं विचारलं, "जवळ घेऊ का गं?" साळूनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःच पुढे सरकली.

त्यानंतर सगळं लगेच गोडीगुलाबीनं झालं, असं मात्र समजू नका. साळू भाकरीचे तुकडे उशीखाली लपवून ठेवी. आकाशात ढग दाटले की ती थरथरे आणि कुणालाही जवळ येऊ देत नसे. एकदा रागाच्या भरात तिनं मळ्यातल्या वेलीच्या वेली उपटून टाकल्या, आणि हैबतीचा हात उगारलाही गेला. पण तो हात त्यानं खाली घेतला आणि मळ्याच्या टोकाला जाऊन एकटाच बसून राहिला. थोड्या वेळानं साळू त्याच्याजवळ जाऊन बसली. मग दोघांनी मिळून राहिलेल्या वेली बांधल्या.

रोज सकाळी ती विचारी, "आज कुणाचा वार?" आणि हैबती रोज सांगे, "आपलाच." पावसाळा आला, गेला, थंडी पडली. एका सकाळी तिनं विचारलंच नाही. उठली, तोंड धुतलं आणि चुलीशी जाऊन म्हणाली, "काकू, मला भूक लागलीय." भागूनं तोंड फिरवून डोळे पुसले आणि तिला गरम भाकरी दिली.

इकडे पोथीवाल्या आत्यानं पुन्हा दौत-लेखणी काढली. ती साळूशी बोलली, धाकू नावाड्याशी बोलली आणि पोथीतल्या मुलीला तिनं वाचा दिली. पुढच्या सुगीनंतर पोथी पुन्हा वाचली गेली. वाद तेव्हाही झाला. सुताराची बायको तेव्हाही चिडली, नवी सून तेव्हाही रडली. त्याला कुणाची हरकत नव्हती, कारण दहा जणांनी एकच गोष्ट ऐकली तर तिच्या दहा गोष्टी होणारच.

पोथी पुढे नक्कल होऊन गावोगाव गेली. पण तिच्यासोबत एक रीतही गेली. शेवटचं पान संपलं की वाचणारा पोथी मिटून हात वर करी आणि मोठ्यांना गप्प बसवी. मग तो सभेतल्या मुलांकडे वळून म्हणे, "आधी तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटलं?" आणि कितीतरी गावांत, आजवर कुणी न विचारलेलं एखादं मूल मागच्या रांगेतून उठून बोलू लागे.

बोध: ज्याला आपलं म्हणायचं, त्याच्याविषयी जगाचं मत घेण्याआधी त्याचं मन विचारावं.